सुईचा आवाज आणि त्याचा गुणाकार



माळ्यावर पडलेली तबकड्यांची खोकी अलीकडे पुन्हा खाली येऊ लागली आहेत. हौसेने नवे टर्नटेबल घेतले जाते, आजोबांच्या संग्रहातली एखादी लाँग प्ले त्यावर चढते, आणि दोन मिनिटांत घरातली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. आवाज एक तर इतका बारीक, की पंखा बंद करून ऐकावा. नाहीतर इतका फाटका, की गवयाची तान ऐन समेवर येताना तिच्या चिंध्या व्हाव्यात. निकाल ताबडतोब लागतो : तबकडी गेली! मग खोके रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढते. त्यातली कित्येक मुद्रणे पुन्हा कधी बाजारात आलेली नसतात, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि देणाऱ्यालाही. आमचे म्हणणे इतकेच, की तबकडीला शिक्षा ठोठावण्यापूर्वी दोन साक्षीदार तपासावेत : सुईमागचे कार्ट्रिज आणि त्यापुढचा प्रीअॅम्प्लिफायर. पुष्कळदा त्या दोघांचेच जमलेले नसते.

खाचेतून जाताना सुई थरथरते आणि कार्ट्रिज नावाची छोटी डबी त्या थरथरीची वीज करते. ही वीज किती? नेहमीच्या चुंबकी कार्ट्रिजमध्ये सुमारे ५ मिलिव्होल्ट. विजेरीतला साधा सेल दीड व्होल्टचा असतो. त्याचा हा तीनशेवा भाग. आमच्या वडीलमंडळींना ही अडचण आठवत नाही, त्याला कारण आहे. त्यांच्या रेकॉर्ड-प्लेअरमध्ये बहुधा स्फटिकाचे किंवा सिरॅमिकचे कार्ट्रिज असे. ते काही दशांश व्होल्ट सहज देई. रेडिओच्या पाठीमागच्या खोबणीत वायर खुपसली की काम भागे. मात्र त्या सुईचा भार खाचेवर पुष्कळ पडे. आजची चुंबकी सुई साधारण दोन ग्रॅमवर चालते. तबकडी जपायची तर वीज कमी घ्यायची, असा हा सौदा आहे, आणि तो फायद्याचाच म्हणावा लागेल.

चुंबकी कार्ट्रिजच्या मुख्य जाती दोन. एकीत सुईच्या दांडीवर चिमुकले लोहचुंबक हलते आणि तारेची वेटोळी स्थिर राहतात. दुसरीत चुंबक स्थिर, वेटोळी हलतात. हलणारे वेटोळे हलके हवे, म्हणून तारेचे वेढे थोडे. वेढे थोडे म्हणून वीजही थोडी. ऑर्टोफॉनचे २एम रेड हे पहिल्या जातीचे. त्याची वीज ५.५ मिलिव्होल्ट. जपानच्या नभोवाणीसाठी १९६० नंतरच्या दशकात तयार झालेले डेनॉनचे डीएल-१०३ दुसऱ्या जातीचे. त्याची वीज अवघी ०.३ मिलिव्होल्ट!

(१९७७ साली अंतराळात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांत केसरबाई केरकरांची भैरवी असलेली तबकडी आहे आणि तिच्यासोबत कार्ट्रिज व सुईही ठेवली आहे. पुढचा प्रीअॅम्प मात्र ज्याचा त्याने पाहायचा आहे.)

आता गुणाकार. प्रीअॅम्पवर वर्धनाचा आकडा डेसिबलमध्ये छापलेला असतो. त्याला भिण्याचे कारण नाही : दर २० डेसिबलला व्होल्ट दहापट. म्हणजे ४० डेसिबल म्हणजे शंभरपट, ६० म्हणजे हजारपट. पुढच्या अॅम्प्लिफायरला साधारण पाव ते अर्धा व्होल्ट मिळाला की तो संतुष्ट असतो. ५ मिलिव्होल्टची शंभरपट केली की अर्धा व्होल्ट, जमले. तोच शंभरपटीचा प्रीअॅम्प ०.३ मिलिव्होल्टच्या कार्ट्रिजला जोडा. हाती येतात ०.०३ व्होल्ट. मग आपण आवाजाची कळ शेवटपर्यंत पिळतो आणि गाण्याबरोबर खरखर व गुणगुणही वाढवून घेतो.

उलटा प्रकार अधिक फसवा. ५ मिलिव्होल्टच्या कार्ट्रिजला हजारपटीवर ठेवले तर ५ व्होल्ट होतात, आणि तेही सरासरी मोजमापाने. तबकडीतल्या जोरकस जागा त्याच्या कित्येक पट वर उडी मारतात. प्रीअॅम्पची धाव तेवढी नसते. तो लाटेचा माथा छाटून टाकतो. आवाज फाटतो तो इथे. खाच झिजली असेल तर जुनी तबकडी फाटेल, नवी नीट वाजेल. कोरी तबकडीही जोरकस जागी फाटत असेल, तर आधी वर्धनाचा खटका पाहावा.

कार्ट्रिजच्या कागदावरचा आकडाही नीट वाचावा. काही कारखानदार तो सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगावर मोजतात, काही ३.५४ वर. दुसऱ्या मापाचे ४ मिलिव्होल्ट हे पहिल्या मापाने सुमारे ५.६ भरतात.

वर्धनाखेरीज आणखी एक काम प्रीअॅम्प करतो. तबकडी कापताना खर्ज दाबून आणि तार स्वर चढवून कापतात. वाजवताना ते पुन्हा समेवर आणायचे. १९५४ मध्ये यासाठी आर.आय.ए.ए. हे एक प्रमाण ठरले. त्यानुसार अगदी खालचा, २० कंपनांचा स्वर जवळजवळ दहापट उचलावा लागतो. म्हणून टर्नटेबलची वायर माइकच्या किंवा साध्या खोबणीत घातली की पखवाजाचा बाया नाहीसा होतो, उरते ती टिणटिण. याच्या उलट, आजच्या पुष्कळ टर्नटेबलांत प्रीअॅम्प पोटातच असतो. पाठीमागचा खटका 'लाइन'वर आणि वायर अॅम्प्लिफायरच्या 'फोनो'मध्ये, अशी जोडणी झाली की दुरुस्ती दोनदा होते : घुमटाचा नाद आणि फाटका आवाज. अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या मात्र बहुतेक या प्रमाणापूर्वीच्या. त्यांना रुंद सुई लागते आणि त्यांचा हिशेब वेगळा.

राहिला भाराचा प्रश्न. चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजला ४७,००० ओहमचा रोध हवा. बहुतेक प्रीअॅम्पांत तो असतोच. पण विद्युतधारितेकडे कोणी पाहत नाही. २एम रेडला १५० ते ३०० पिकोफॅरड सांगितले आहेत, आणि त्यात वायरीचीही धारिता धरायची. सोय म्हणून लांबच लांब वायर टाकली की तार स्वर आधी बोचरे होतात आणि मग एकदम संपतात. वेटोळे हलणाऱ्या जातीला धारितेचे फारसे वाटत नाही. तिथे रोध पाहावा. ढोबळ नियम असा, की कार्ट्रिजच्या स्वतःच्या रोधाच्या दहापट. डीएल-१०३चा रोध ४० ओहम, म्हणजे ४०० च्या आसपास.

अशा कार्ट्रिजपुढे दहापटीचा छोटा ट्रान्सफॉर्मर लावता येतो. ०.३ चे ३ मिलिव्होल्ट होतात आणि साधा शंभरपटीचा प्रीअॅम्प चालतो. रोध मात्र वेढ्यांच्या वर्गाने भागला जातो : ४७,००० भागिले १००, म्हणजे ४७० ओहम; नियमाजवळच. तीसपटीचा ट्रान्सफॉर्मर घेणाऱ्याला ९ मिलिव्होल्ट मिळतात, पण रोध ५२ ओहमवर उतरतो आणि कार्ट्रिजची बरीचशी वीज त्यातच खर्ची पडते. दुकानदार मोठा आकडा दाखवतो तेव्हा हा भागाकार विचारावा.

मेजावर एकच तबकडी आणि दोन खटक्यांचा प्रीअॅम्प मांडला आहे. आधी ६० डेसिबलवर लावू, मग ४० वर. पहिल्या वेळी पुढच्या रांगेतल्यांनी कानांवर हात ठेवले तरी चालेल.