शिट्टी आणि अंतिम सामना

पोळ्याच्या करीला पांढुर्ण्याच्या जाम नदीत जे घडते ते आता दूरदूरच्या लोकांनाही ऐकून ठाऊक झाले आहे. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर निशाण चढते, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते आणि गोटमार सुरू होते. डोकी फुटतात, प्राणही गेलेले आहेत. अखेर निशाण चंडीमातेच्या देवळात पोहोचते आणि दिवसभर एकमेकांवर गोटे भिरकावणारी माणसे पुन्हा एकमेकांची सोयरी होतात. प्रशासनाने गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोकांनी ते जवळ केले नाहीत. या प्रथेचे समर्थन करणारे आणि तिचा धिक्कार करणारे, दोघांनीही पुष्कळ शाई खर्च केली आहे. एक साधी गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, ती ही की एवढ्या मोठ्या झुंजीत पंच नाही. कोणी शिट्टी वाजवीत नाही, कोणी कोणास बाद ठरवीत नाही.

त्याच पांढुर्ण्यात आणि पलीकडे सौंसरला कबड्डीच्या मैदानावर मात्र पंचावाचून पान हालत नाही. कपाशीची वेचणी सरत आली आणि संत्र्यांच्या गाड्या रस्त्याला लागल्या, की या भागात कबड्डीच्या खुल्या सामन्यांचे दिवस येतात. मातीचे मैदान पाणी मारून दाबायचे, पांढऱ्या फक्कीने रेषा आखायच्या, खांबांवर दिवे बांधायचे आणि रात्र जागवायची. हा मुलूख भाषेने मराठी आणि कारभाराने मध्य प्रदेशचा. 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यात पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांचा समावेश आहे. सीमेचा परिणाम खेळावरही होतो. इकडचा गडी मोठ्या स्पर्धेत मध्य प्रदेशच्या नावाने उतरतो, आणि जवळच्याच नरखेड-काटोलचा गडी विदर्भाच्या नावाने. गावच्या सामन्यात हे दोघे समोरासमोर येतात, तेव्हा मधे उभा राहणारा पंच कोणाकडचा, हा प्रश्न नाणेफेकीच्याही आधी उपस्थित होतो.

कबड्डीच्या परिभाषेत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. त्याच्या हाताखाली दोन बाजूंना दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक, असा सहा जणांचा संच असतो. निर्णय पंचांनी द्यायचा, दोघांत मतभेद झाला तर सरपंचाने तो सोडवायचा. ग्रामपंचायतीतल्या सरपंचाशी या पदाचे नावाखेरीज नाते नाही, तथापि दोघांच्याही वाट्याला येणारी बोलणी साधारण एकाच वळणाची असतात.

ही कामगिरी वाटते तितकी सोपी नाही. पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. चढाई तीस सेकंदांची. तेवढ्या अवधीत पंचाने चढाईपटूचा दम अखंड आणि स्पष्ट चालू आहे की नाही हे ऐकायचे, त्याने निदान रेषा ओलांडली का हे पाहायचे, बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकला तेव्हा दुसरा खरोखर अधांतरी होता का हे ताडायचे आणि सात जणांपैकी कोणाच्या अंगाला बोटाचे टोक लागले हेही टिपायचे. साखळी सामन्यात, दुपारच्या शांत वेळी, हे जमून जाते. अंतिम सामन्याला गर्दीचा गलका इतका असतो की दम कानांनी ऐकू येत नाही. तो चढाईपटूच्या ओठांवरून ओळखावा लागतो. चार बाजूंच्या दिव्यांमुळे प्रत्येक गड्याला चार सावल्या फुटतात. शिवाय दिवसभराच्या सामन्यांनी फक्कीच्या रेषा पायांखाली पुसून गेलेल्या असतात. ज्या रेषेवर विजेतेपद अवलंबून आहे ती रेषाच मैदानावर उरलेली नसते! मध्यंतरात पुन्हा फक्की मारणारा एक माणूस नेमला तर निम्मे तंटे मिटतील, पण त्या कामाला मान नाही आणि म्हणून माणूसही मिळत नाही.

साखळीत झालेली चूक पुढच्या सामन्यात भरून निघू शकते. बाद फेरीत तशी सोय नाही. एक चुकीची शिट्टी, आणि वर्षभराची मेहनत घेऊन संघ रात्रीच्या गाडीने घरी.

याचे अलीकडचे ठळक उदाहरण थेट चीनमधले आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी ज्या खेळाचे प्रदर्शन घडविले, ज्याच्या प्रसारासाठी बुवा साळवी यांनी आयुष्य वेचले, तो खेळ 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत दाखल झाला. हांगझौ येथे 7 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात रंगला. 2018 मध्ये इराणने भारताला उपांत्य फेरीतच हरविले होते, त्यामुळे ईर्षा मोठी होती. गुण 28-28 असे समान आणि वेळ जेमतेम मिनिटाची उरलेली. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणाला स्पर्श होण्याआधीच राखीव क्षेत्रात शिरला. त्याला रोखण्यासाठी इराणचे गडीही त्याच्या पाठोपाठ आत गेले. आता बाद कोण? जुन्या नियमाप्रमाणे स्पर्शावाचून राखीव क्षेत्रात गेलेले सगळेच बाद, म्हणजे भारताला चार गुण आणि इराणला एक. नव्या नियमाप्रमाणे एकटा चढाईपटू बाद. पंचांचा निर्णय एकदा फिरला, पुन्हा फिरला. दोन्ही संघांनी आळीपाळीने हरकत घेतली, खेळाडू मैदानातच बसून राहिले आणि सामना तासाभराच्या आसपास खोळंबला. शेवटी चार आणि एक असा हिशेब कायम झाला व भारताने 33-29 असा विजय मिळविला.

भारतात आनंद झाला, तो साहजिकच होता. परंतु पंचगिरीच्या दृष्टीने तो प्रसंग लाजिरवाणाच म्हणावा लागेल. तेथे कोणाची नजर चुकली नव्हती. कोण कोठे उभा होता हे चित्रफितीत सर्वांनी पाहिले होते. चुकले ते असे, की कोणता नियम लागू आहे याविषयी मैदानावरच्या अधिकाऱ्यांत आणि दोन्ही संघांत आधी एकवाक्यता नव्हती. सौंसरच्या मैदानावर हाच घोळ झाला असता तर शहरी मंडळींनी खेडवळ कारभार म्हणून नाक मुरडले असते.

सातासमुद्रापलीकडे, जेथे या कामावर पैशाला तोटा नाही, तेथेही वेगळे चित्र नाही. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये मैदानावर सात अधिकारी असतात. 20 जानेवारी 2019 रोजी न्यू ऑर्लिन्स येथे उपांत्य स्वरूपाचा सामना चालू असता, गुण 20-20 असे समान आणि दोन मिनिटांहून कमी वेळ राहिला असताना, चेंडू हातांत येण्यापूर्वीच लॉस एंजेलिसच्या खेळाडूने यजमान संघाच्या खेळाडूला धडक देऊन पाडले. हजारो प्रेक्षकांनी पाहिलेली ती आगळीक सातांपैकी एकानेही दाखविली नाही. जादा वेळेत यजमान 26-23 असे हरले. चूक झाल्याचे संघटनेने पुढे कबूल केले. पुढच्या हंगामापुरती अशा निर्णयांच्या फेरतपासणीची सोय करण्यात आली आणि एका वर्षातच ती गुंडाळण्यात आली.

त्या देशातली एक पद्धत मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. तेथील अधिकाऱ्यांच्या प्रत्येक निर्णयाची हंगामभर तपासणी होऊन त्यांना गुण दिले जातात, आणि बाद फेरीसाठी वरच्या गुणांचे अधिकारी निवडले जातात. यावर आक्षेप असा, की वर्षभर एकत्र काम केलेला संच मोडून उत्तम उत्तम माणसे एका रात्रीपुरती जमविली, तर ती परस्परांच्या डोळ्यांची भाषा जाणत नाहीत. आक्षेप खोटा नाही. बैलजोडीतले बैल वेगवेगळे कितीही चांगले असले तरी जू सवयीनेच जुळते, हे पोळा साजरा करणाऱ्यांना वेगळे समजावून सांगायला नको. तरीही, ज्याने चांगले काम केले त्यालाच मोठा सामना मिळावा, हा दंडक सोडण्यासारखा नाही.

गावच्या सामन्यात नेमके उलट घडते. साखळी सामने रीतसर परीक्षा उत्तीर्ण झालेला, बहुधा शाळेत व्यायाम शिकवणारा पंच चालवितो. अंतिम सामन्याच्या वेळी मंचावरचे पाहुणे वाढतात, बक्षिसाची रक्कम देणारे दाते पहिल्या रांगेत येऊन बसतात आणि त्यांच्यापैकी एखाद्याच्या मर्जीतला मनुष्य शिट्टी घेऊन पुढे होतो. हरलेला संघ मग डोळ्यांना दोष देतो. खरा दोष नेमणुकीत असतो. ज्याला मानधन यजमानांच्या हातून घ्यायचे आहे आणि शेवटची गाडी चुकल्यावर यजमानांच्याच ओसरीवर झोपायचे आहे, त्याच्याकडून पहाटे दोन वाजता यजमानांच्या गड्याला बाद ठरविण्याचे धैर्य मागणे म्हणजे फार मोठे मागणे आहे. आश्चर्य याचे, की ते धैर्य अनेकजण दाखवितात. मानधन आधीच दोन्ही संघांच्या प्रवेशशुल्कातून बाजूला काढून ठेवले आणि पंच तिसऱ्या गावचे बोलावले, तर त्यांच्यावरचा भार कितीतरी हलका होईल. व्यावसायिक कबड्डी 2014 पासून सुरू झाली, तिच्यात चित्रफीत पाहून फेरविचार करण्याची सोय आहे. मातीच्या मैदानावर ती यायला वेळ लागेल. पण सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना समोर उभे करून राखीव क्षेत्राचा नियम मोठ्याने वाचून दाखविण्यास यंत्र लागत नाही. हांगझौला तेवढे झाले असते तर तो तास वाया गेला नसता.

गुण समान राहिले तर पाच-पाच चढाया होतात. त्यातही बरोबरी झाली तर सुवर्ण चढाई. त्या वेळी कडाक्याच्या थंडीत शेकोट्यांजवळची माणसेही उठून रेषेपर्यंत येतात, पोरे झाडांवर चढतात, आणि राखीव क्षेत्र कोठे संपते व प्रेक्षक कोठे सुरू होतात हे कळेनासे होते. सरपंच दोन्ही हात पसरून गर्दीला मागे सारतो. पुसल्या गेलेल्या निदान रेषेपाशी वाकून पायाच्या अंगठ्याने मातीत एक ओरखडा काढतो, दोन्ही कर्णधारांना तो दाखवितो, त्यांच्या माना हलल्या की मागे येतो आणि मग शिट्टी तोंडात धरतो.