ओझें उतरल्यानंतरचें संकट

सप्टेंबर १९४० पासून लंडन शहरावर रात्रीमागून रात्र बाँबवर्षाव होत होता. कोसळलेल्या घरांखालीं कित्येक तास दडपून राहिलेलीं माणसें बाहेर काढलीं जात, तेव्हां त्यांपैकीं कांहीं शुद्धीवर असत, बोलतही असत. जीव वाचला म्हणून आप्तेष्ट समाधान मानीत. परंतु कांहीं तासांनीं दडपलेला पाय सुजून टणक होई, नाडी क्षीण होई, लघवी गडद तपकिरी होऊन पुढें कमी कमी होत जाई आणि आठवडाभरांत रोगी दगावे. हॅमरस्मिथ रुग्णालयांतील एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनीं अशा चार रोग्यांचा वृत्तांत १९४१ सालीं प्रसिद्ध केला.

हें असें कां व्हावें? भाराखालीं स्नायूंच्या पेशी मरतात. परंतु तेथील रक्तप्रवाह थांबलेला असल्यामुळें त्यांतील द्रव्यें तेथेंच अडकून पडतात. भार उचलतांच रक्त पुन्हां वाहूं लागतें आणि हीं द्रव्यें सर्व शरीरांत पसरतात. पोटॅशियम हृदयाची गति बिघडवितें, तर मायोग्लोबिन नांवाचें रंगद्रव्य मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिका निकामी करतें. शिवाय रक्तांतील पाणी सुजलेल्या स्नायूंत ओढलें जातें. सारांश, मुक्ततेचा क्षण हाच धोक्याचा क्षण ठरतो.

म्हणून शक्य असेल तेथें भार उचलण्यापूर्वींच शिरेवाटे मिठाचें पाणी देण्यास आरंभ करतात. मूत्रपिंडें थांबलींच, तर यंत्रानें रक्त शुद्ध करून तीं पूर्ववत् होईपर्यंत रोग्यास जगवितां येतें. १९९९ सालच्या तुर्कस्तानांतील भूकंपानंतर ४७७ जणांस हा उपाय करावा लागला व त्यांतील बहुतेक वाचले.

स्नायूंचा असा नाश केवळ ढिगाऱ्याखालींच होतो असें नाहीं. कडक उन्हांत संवय नसतां केलेले अतिश्रम, विजेचा जबर धक्का, दीर्घकाळ चाललेले आंचके, समुद्रसर्पाचा दंश, मद्याच्या अमलांत एकाच कुशीवर तासन् तास पडून राहणें, क्वचित् रक्तांतील चरबी कमी करणारीं औषधें, हींही त्याचीं कारणें होत.

श्रोत्यांनीं इतकें लक्षांत ठेवावें: अशा प्रसंगानंतर अंग फार दुखूं लागलें व लघवी काळ्या चहासारखी दिसली, तर विश्रांतीनें बरें वाटेल म्हणून वाट पाहूं नये, रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. ढिगाऱ्यांतून सुटलेला मनुष्य चालूं-बोलूं लागला, तरी त्यास तसाच घरीं जाऊं देऊं नये.