आपल्या मुलांच्या हाती कोणते पुस्तक?



हक्क, नोकऱ्या, जमिनी, शिष्यवृत्त्या असे प्रश्न पुढे उभे असताना मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांवर व्याख्यान कशाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु बाबासाहेबांनी हा विषय किरकोळ मानला नव्हता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या एका प्रास्ताविकात त्यांनी आपल्या बालपणाची हकीकत सांगितली आहे. वडील सुभेदार रामजी मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन करवून घेत. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची अवहेलना पुन्हा पुन्हा येते, ते आम्ही का वाचावेत, असे भीमरावाने त्यांना विचारले. सुभेदारांचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. आपण अस्पृश्य, मुलांच्या मनात न्यूनगंड शिरण्याचा संभव आहे, तेव्हा द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे लहान स्थितीतून किती वर चढले, हे त्यांनी पाहावे, असा त्यांचा हेतू होता. मुलाचे समाधान झाले नाही. त्याला दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते, आणि ते त्याच्या मनात घर करून बसले होते. पिता-पुत्रांचे मत निराळे होते खरे. पण पुस्तकांतील माणसे पाहून मूल स्वतःची किंमत ठरविते, याविषयी दोघांत दुमत नव्हते.

हाच प्रश्न अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजापुढेही उभा होता. डॉ. डुबॉइस हे त्या समाजाचे थोर विद्वान. याच डुबॉइस यांना १९४६ साली पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठविलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी मागविल्या होत्या. डुबॉइस ‘क्रायसिस’ नावाचे मासिक चालवीत. झुंडींनी कृष्णवर्णीयांचे मुडदे पाडल्याच्या बातम्या त्यात छापणे त्यांना भागच होते. त्या वाचून एका बारा वर्षांच्या मुलीने त्यांना कळविले की, गोरे जितका माझा द्वेष करतात तितकाच मीही त्यांचा करते. डुबॉइस या पत्राने अस्वस्थ झाले. अन्याय लपवावा तर मूल बेसावध राहते. नुसता अन्यायच दाखवावा तर त्याचे मन विषारी होते. तुमच्याआमच्या घरांतही हा पेच आहे. गावच्या विहिरीची हकीकत मुलाला कोणत्या वयात आणि कोणत्या शब्दांत सांगावी?

त्यावर डुबॉइस यांनी काढलेला उपाय म्हणजे ‘ब्राउनीज बुक’ हे मुलांचे मासिक. जानेवारी १९२० मध्ये त्याचा पहिला अंक निघाला, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेस मुंबईत ‘मूकनायक’ जन्मास आला. एकाचा दुसऱ्यास पत्ताही नव्हता. त्या मासिकात शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींची छायाचित्रे असत, लोककथा असत, खेळ असत, मुलांची पत्रे असत. जगाच्या बातम्या एक कावळा सांगे. काळा कावळा उंच उडतो आणि सर्व देश वरून पाहतो, ही कल्पना मला फार आवडते. वाङ्मयविभाग जेसी फॉसेट या विदुषीकडे होता. लँग्स्टन ह्यूज हा पुढे विख्यात झालेला कवी विशीच्या आत असतानाच या पानांवर झळकला. मात्र पुरेसे वर्गणीदार न मिळाल्याने चोवीस अंकांनंतर, डिसेंबर १९२१ मध्ये, मासिक बंद पडले. ‘मूकनायका’ची ओढाताण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

पुढे १९६५ साली नॅन्सी लॅरिक या गोऱ्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी हिशेब मांडला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी अवघ्या ३४९ पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. आणि त्यांच्या त्या काळातील जीवनाची गोष्ट सांगणारी पुस्तके शेकडा एकही नव्हती. १९८५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील बालपुस्तक केंद्राने मोजले, तेव्हा सुमारे अडीच हजार पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची केवळ १८ होती. २०१८ सालच्या पुस्तकांत मुख्य पात्र म्हणून प्राणी व वस्तू शेकडा २७ होत्या, तर कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिन आणि मूळनिवासी अशी सारी मिळून शेकडा २३. ससे-अस्वले पुढे आणि माणसांची मुले मागे!

यास्तव पुस्तक विकत घेताना नुसते मुखपृष्ठ पाहू नका. आपल्यासारखे घर त्यात आहे काय? असल्यास ते कोणाच्या दयेची वाट पाहत बसले आहे, की आपल्या बुद्धीने काही करीत आहे? लिहिणारा कोण आहे? आणि केवळ आपल्याच समाजाची पुस्तके द्या, असेही मी म्हणत नाही. रुडीन सिम्स बिशप या कृष्णवर्णीय प्राध्यापिकेने १९९० साली पुस्तकाला आरसा आणि खिडकी अशा दोन्ही उपमा दिल्या. आरशात आपण दिसतो, खिडकीतून दुसरे. ज्याच्या घरी नुसते आरसेच आहेत, त्या वरिष्ठ वर्गाच्या मुलाचेही नुकसानच होते, हे त्यांनी बजावले. आपल्या मुलास आदिवासी, मुसलमान, भटक्या-विमुक्त मुलांच्या गोष्टीही मिळाल्या पाहिजेत.

२०११ साली इंग्रजीत निघालेले ‘भीमायन’ आईबापांनी मुलास जवळ घेऊन पाहावे. त्याची चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची आहेत. १९०१ सालचा गोरेगावचा प्रवास त्यात आहे: मसूरला उतरलेली मुले, दुप्पट भाडे घेऊनही त्यांच्याजवळ न बसणारा गाडीवान, डबा असून पाण्यावाचून काढलेली रात्र. प्रसंग कठोर आहे, तरी पानोपानी मासे, मोर, झाडे आहेत. बोलण्याचे फुगेही निराळे: साध्या माणसाचे शब्द पक्ष्याच्या आकारात, आणि विटाळ मानणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी. अक्षरओळख नसलेले मूलदेखील त्या नांगीवर बोट ठेवून विचारते, हा माणूस असा का बोलतो?