नकार हीसुद्धा सेवाच

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षात महिला स्वयंरोजगार वर्गाच्या प्रमाणपत्र वितरण समारंभात केलेले भाषण)



हातापायांची निगा आणि नखांची सजावट या विषयावर एका कापड व्यापाऱ्याने काय बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. अध्यक्ष महोदयांनी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा तो माझ्याही मनात आला होता. परंतु या विषयाशी माझा एक जिव्हाळ्याचा आणि तितकाच लाजिरवाणा संबंध आहे. तो आज आपल्यासमोर प्रांजळपणे मांडावा, या हेतूने मी उभा आहे.

प्रथम थोडे माझ्या व्यवसायाविषयी. माझे वडील इचलकरंजीहून कल्याणला आले आणि त्यांनी कापडाचे छोटेसे दुकान थाटले. मी बी.कॉम. होऊन गादीवर बसू लागलो, त्या सुमारास एक गृहस्थ लग्नाच्या खरेदीसाठी आले. मांडवात चुलीपुढे राबणाऱ्या बायकांना देण्यासाठी त्यांना स्वस्तातल्या नायलॉनच्या डझनभर साड्या हव्या होत्या. वडिलांनी साड्या दाखवल्याच नाहीत. ‘‘विस्तवापुढे उभ्या राहणाऱ्या बाईला ही साडी मी देणार नाही. सुती घ्या, नाहीतर दुसरे दुकान बघा,’’ असे ते म्हणाले. गृहस्थ रागावून निघून गेले. मी मनातल्या मनात बुडालेल्या नफ्याचा हिशेब मांडत राहिलो. नायलॉन जळताना वितळते आणि अंगाला चिकटते, हे मला ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे आणि गिऱ्हाईक परत पाठवणे यांतील अंतर किती मोठे आहे, हे त्या दिवशी प्रथम समजले. पुढे त्या गृहस्थांच्या घरची तीन लग्ने आमच्याच दुकानातून झाली.

वडिलांचा हा धडा मी दुकानात सांभाळला. दुकानाबाहेर मात्र विसरलो. तीच हकिगत आता सांगतो.

माझ्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही सारे अक्का म्हणतो, त्यांना कित्येक वर्षांचा मधुमेह आहे. माझ्या मुलीच्या लग्नापूर्वी त्या कुंभोजच्या बाहुबलीचा डोंगर अनवाणी चढून आल्या. टाचांना भेगा पडल्या होत्या आणि उजव्या करंगळीखाली जुने कुरूप होते. लग्नाच्या दोन दिवस आधी घरातील साऱ्या बायका ब्यूटी पार्लरमध्ये निघाल्या, त्यांच्यासोबत अक्काही गेल्या. तेथील मुलीने त्यांचा पाय हातात घेतला, कुरुपाभोवतीची लाली आणि बाजूची चीर पाहिली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘काकू, आज पायाला नको. आधी डॉक्टरांना दाखवा. मी हातांचं करून देते.’’

अक्कांना ते अपमानास्पद वाटले. त्यांनी मला दुकानात फोन केला. मी काय करावे? मी पार्लरच्या मालकीणबाईंना फोन केला आणि म्हणालो, ‘‘आमच्या घरचं कार्य आहे. आठ जणींचं बिल देतोय. अक्कांना नाही म्हणू नका.’’ मालकीणबाईंनी त्या मुलीकडे पाहिले असेल, एवढेच. तिने काम केले. पाय कोमट पाण्यात भिजवला, पाते फिरवले, रंग लावला.

लग्न थाटात पार पडले. आठव्या दिवशी पाय सुजला. अक्कांना वेदना जाणवत नव्हती, म्हणून आणखी दोन दिवस गेले. नंतर ताप आला, रुग्णालयात न्यावे लागले आणि अखेरीस उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. पायाच्या त्या सेवेचे सहाशे रुपये झाले होते. रुग्णालयाचे बिल एक लाख ऐंशी हजारांचे आले. ती मुलगी रुग्णालयात भेटायला आली आणि अक्कांचे पाय धरून रडू लागली. अक्का तिला म्हणाल्या, ‘‘पोरी, तू नको म्हणाली होतीस. आम्हीच ऐकलं नाही.’’ मी बाजूला उभा होतो. मला मान वर करता आली नाही.

बंधू-भगिनींनो, त्या मुलीचे शिक्षण पुरेसे होते. तिची नजरही योग्य होती. तिच्या ‘नाही’ला मात्र कोणाचेच पाठबळ नव्हते, ना मालकिणीचे, ना ग्राहकाचे, ना माझ्यासारख्या स्वतःला प्रतिष्ठित समजणाऱ्या माणसाचे. म्हणून आज मी दोन पक्षांशी बोलणार आहे. प्रथम या मुलींशी आणि नंतर आपणा सर्वांशी.

मुलींनो, त्या घटनेनंतर मी त्वचारोगतज्ज्ञांकडून आणि तुमच्या शिक्षिकांकडून बरेच काही समजून घेतले. कातडी ही शरीराची तटबंदी आहे. ती सलग आहे तोवर बाहेरचे जंतू बाहेर राहतात. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कडसुद्धा या तटबंदीचाच भाग आहे. ती खोलवर कापली की दार उघडते. २६ जुलै २००५ चा महापूर आपल्यापैकी कोण विसरेल? उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापूर परिसरात शिरले, माणसे कंबरभर पाण्यातून चालली आणि पाठोपाठ मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. त्या रोगाचे जंतू पायाच्या लहानशा चिरेतूनही शरीरात शिरतात, हे तेव्हा आपण वृत्तपत्रांतून वाचले होते.

पार्लरमधील पाण्याचेही तसेच आहे. सन २००० मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एका नेल सलूनमध्ये पाय भिजवण्याच्या यंत्रावरील टबांतून शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवे उठली. टबाच्या जाळीमागे केस आणि कातडीचा मळ साठला होता आणि त्यात जंतू वाढले होते. आधी वस्तऱ्याने पायांवरचे केस काढून आलेल्या स्त्रियांना हा त्रास होण्याचा धोका अधिक आढळला. डोळ्यांना न दिसणारे ओरखडेही पुरेसे ठरतात, हा त्याचा अर्थ.

तेव्हा नकार कधी द्यायचा? उघडी जखम असेल, रक्त वा पू येत असेल, फोड वा भाजल्याचा व्रण असेल, नखाच्या कडेला लाल, गरम, ठणकणारे नखुरडे असेल, तर त्या जागेला हात लावू नका. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतील, नख जाड, पिवळे आणि ठिसूळ झाले असेल वा मुळापासून सुटत असेल, तर त्यावर रंग किंवा जेल चढवू नका. आतला आजार झाकला जातो आणि वाढतो. नायटा, खरूज, चामखीळ दिसल्यास हत्यारे लावू नका. ती पुढच्या ग्राहकाला लागतात. कावीळ ‘ब’चा विषाणू पृष्ठभागावर किमान सात दिवस टिकतो. तुम्ही स्वतः या रोगाची तीन डोसांची लस अवश्य घ्या.

मधुमेही ग्राहकाच्या बाबतीत विशेष जपा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. म्हणजे डोंबिवलीतल्या कोणत्याही पार्लरमध्ये ते रोज येणारच. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते. पाणी चटके देणारे आहे की कोमट, पाते किती खोल गेले, हे त्यांना कळत नाही. अक्कांना तेच झाले. म्हणून पाय हातात घेण्यापूर्वी मधुमेहाची चौकशी करा. असल्यास पाते वापरू नका, कुरूप कोरू नका, आणि भेग जरी दिसली तरी डॉक्टरांकडे पाठवा. रक्त पातळ करण्याची औषधे किंवा कर्करोगाचे उपचार सुरू असतील, तरीही डॉक्टरांचा सल्ला आधी. सूज आणि ताप असेल, लाल रेघ वर चढताना दिसत असेल, तर ‘उद्या जा’ म्हणू नका. त्याच दिवशी पाठवा. ज्यांना खाजगी दवाखाना परवडत नाही त्यांच्यासाठी कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज ही महापालिकांची रुग्णालये आहेत.

तुमच्या स्वतःच्या हातांचाही विचार करा. जेल आणि कृत्रिम नखांतील अॅक्रिलेट रसायने ओल्या स्थितीत कातडीला वारंवार लागली, तर त्यांची अॅलर्जी जडू शकते आणि ती बहुधा जन्मभर सोबत राहते. फाटलेल्या कातडीला हा धोका अधिक. ग्राहकाची बोटे सोललेली असतील तर जेल नको. तुमची बोटे चिरलेली असतील तर त्या दिवशी तुम्हीही ते काम करू नका.

आता एक महत्त्वाची गोष्ट. नकार हा जखमेला असावा, माणसाला नसावा. कोड हा संसर्गजन्य नाही. ज्या भगिनीच्या बोटांवर पांढरे डाग आहेत आणि कातडी धडधाकट आहे, तिला परत पाठवणे ही सावधगिरी नव्हे, तो निष्ठुरपणा आहे. सोरायसिसही स्पर्शाने पसरत नाही. कातडी फाटली असेल तर थांबायचे ते तिच्या भल्यासाठी, आपल्या किळसेपोटी नव्हे. हा भेद ज्या मुलीला समजला, तिला तिचा धंदा समजला.

नकार कसा द्यावा, हेही शिकण्यासारखे आहे. चारचौघांत मोठ्याने बोलू नका. रोगाचे नाव घेऊ नका, ते काम डॉक्टरांचे. मलमही सुचवू नका. जे दिसते तेवढेच सांगा : ‘‘काकू, इथे कातडी फाटलेली आहे. माझ्या हाताने वाढायला नको. डॉक्टरांना दाखवून या, मी तुमची वाट पाहीन.’’ शक्य असेल तर जो हात वा पाय निरोगी आहे त्याची सेवा द्या. न केलेल्या कामाचे पैसे घेऊ नका. आणि व्यापारी म्हणून एक सांगतो, एक वही ठेवा. तारीख, काय दिसले, काय सांगितले, एवढे लिहा. रोजमेळात जमा-खर्च लिहितो तसाच हा नकारही लिहिला, की पुढे कोणी बोट दाखवले तर वही तुमच्या बाजूने बोलेल.

आता आपणा सर्वांशी. दिवाळी पहाटेला फडके रोडवर जायचे म्हणून आदल्या रात्री डोंबिवलीची पार्लरे भरून वाहतात. लग्नसराईत ठाण्यापासून कल्याणपर्यंत तीच स्थिती असते. अशा गर्दीत एखादी वीस-बावीस वर्षांची मुलगी आपल्या आईच्या वयाच्या ग्राहकाला ‘आज नको’ म्हणते, तेव्हा ती आपला त्या दिवसाचा मोबदला आणि कदाचित नोकरीही पणाला लावत असते. आपण तिच्यावर रागावतो, मालकिणीला फोन करतो, ‘तुमच्यापेक्षा पलीकडची बरी’ म्हणून निघून जातो. पलीकडची ते काम करते, कारण तिला ‘नाही’ म्हणणे परवडत नाही. ग्राहक हा देव, असे आपण दुकानात लिहितो. देवाने पुजाऱ्याला त्याचे काम चोख करू द्यावे, एवढी अपेक्षा गैर नसावी.

आपल्या समाजात अनेक भगिनी पार्लर चालवतात, अनेक बंधूंचे गाळे पार्लरला भाड्याने दिलेले आहेत. त्या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या पार्लरच्या दाराशी एक पाटी लावा : ‘जखम, सूज वा भेग असल्यास सेवा दिली जाणार नाही. नकाराचा निर्णय काम करणाऱ्या मुलीचा राहील.’ आणि ज्या दिवशी तिने असा नकार दिला, त्या दिवशी तिच्या कमिशनमधून एक पैसाही कापू नका. या वर्गातून आज बाहेर पडणाऱ्या मुलींसाठी अशा पाट्या मी माझ्या खर्चाने करून देणार आहे. हे दान नाही, जुन्या थकबाकीची परतफेड आहे.

अक्का आता बऱ्या आहेत. मऊ बूट घालून फिरतात, रोज रात्री चष्मा लावून स्वतःचे तळवे आरशात पाहतात. त्या मुलीने नंतर ते पार्लर सोडले. तिला भेटून क्षमा मागावी म्हणून मी चौकशी केली, पण तिचा पत्ता मिळाला नाही. आज समोर बसलेल्या तुम्हा मुलींमध्ये मला तीच दिसते आहे. तिच्याजवळ मागायची राहिलेली क्षमा मी तुमच्याजवळ मागतो आणि तुम्हाला शब्द देतो की, माझ्या घरच्या कोणालाही तुम्ही ‘आज नको’ म्हणालात, तर या वेळी फोन करून मी तुमच्याच बाजूने बोलेन.