जत्रेतले गाणे आणि मोबाईलवरचे गाणे



जत्रेचे दिवस आले की आम्हांला एक प्रश्न हटकून विचारला जातो. "मास्तरांनू, मोबाईलार सगळा दिसता. मगे रात जागवून दशावतार बघूक कित्याक जावचा?"

प्रश्न रास्त आहे. दिवसभर राबलेल्या माणसाला झोप हवी. जाण्यायेण्याला पैसे पडतात.

यंत्राला आम्ही नावे ठेवत नाही. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर मोठ्या गायिका. त्यांचे एक गाणे १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानातून अंतराळात पाठवले. त्याच वर्षी केसरबाई वारल्या. त्यांचे गाणे आज आपण ऐकतो, ते यंत्रामुळेच. पण ते गाणे साडेतीन मिनिटांचे आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तेवढेच मावत असे. बैठकीत मात्र गवई एकच राग तासभर फुलवतो.

आता आपला दशावतार बघा. आधी फक्त आख्यान ठरते. संवाद नट तिथल्या तिथे बोलतात. समोर माणसे रंगली, की नट प्रसंग वाढवतो. माणसे पेंगली, की आटोपता घेतो. पेटीवाला आणि मृदंगवाला नटाच्या पावलाकडे डोळे लावून बसतात. पाऊल जोरात पडले, की मृदंगावर थाप पडते. म्हणजे तुम्ही समोर बसता, तेव्हा नाटक घडवायला तुमचाही हात लागतो. मोबाईलपुढे तुम्ही हसा नाही तर झोपा, त्यातल्या नटाला पत्ता नाही.

डबलबारी भजनाचेही तसेच. एक बुवा गाण्यातून पुराणातला प्रश्न टाकतो. दुसऱ्या बुवाला आपल्या बारीत उत्तर द्यावे लागते. उत्तर येते की नाही, म्हणून सारा मांड कान टवकारतो. ही धाकधूक दुसऱ्या दिवशी मोबाईलवर कशी मिळणार? निकाल तर आधीच कानावर आलेला असतो.

आणखी एक गोष्ट. २०२० साली करोना आला आणि जत्रा थांबल्या. मोबाईल चालूच होते. पण कित्येक कलाकारांची कमाई बुडाली. त्यांचे पोट समोरच्या माणसांवर चालते. समोर माणसेच नसतील, तर उद्या कोणता मुलगा मृदंग शिकेल? मृदंगाचा हात कसा पडतो, हेही मूल जवळ बसूनच शिकते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. रोज जागरण करू नका. उधार काढून तर मुळीच जाऊ नका. पण हंगामातली एक रात्र राखून ठेवा. मुलांना बरोबर घ्या आणि पुढे बसा. मोबाईल खिशात असू द्या. गाणे आवडले, तर ऐपतीप्रमाणे दोन पैसे कलाकाराच्या हातावर ठेवा. दुसऱ्या दिवशी झोप काढता येईल. पण ती रात्र जशी झाली तशी पुन्हा होत नाही.