एक पत्ता, दोन यंत्रे
(जिल्हास्तरीय प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



संगणकाच्या विषयावर मी बोलावयास उभा राहावे, याचे आपणांपैकी अनेकांस नवल वाटेल. मी वाङ्मयाचा पदवीधर. सर्व्हरशी माझा संबंध प्रसिद्धिपत्रके धाडण्यापुरताच. तथापि एका जूनमध्ये मी वृत्तासाठी एका कार्यालयात गेलो असता जे पाहिले, त्याने मला हा विषय समजून घेणे भाग पाडले. कार्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही.

तेथे दाखल्यांच्या कामासाठी दोन सर्व्हर जोडीने बसविलेले होते. एक बंद पडला तर दुसऱ्याने त्याचा कार्यभार आपोआप घ्यावा, अशी योजना. त्या दिवशी सकाळी पहिल्या सर्व्हरचा वीजपुरवठ्याचा भाग जळाला आणि दुसऱ्याने कार्यभार घेतलाही. कार्यालयातील खिडकीवर दाखले निघू लागले. परंतु तालुक्यांतून दूरध्वनी येऊ लागले, की सर्व्हर बंद आहे. प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. तालुक्यांच्या खिडक्यांसमोर मुले व त्यांचे पालक ताटकळत उभे होते. इकडे कर्मचाऱ्यांनी दुसरा सर्व्हर दोनदा बंद करून पुन्हा सुरू केला. वास्तविक त्या बिचाऱ्या यंत्राचा काही अपराध नव्हता.

हे असे का झाले? अशा जोडीत प्रत्येक सर्व्हरला स्वतःचा आयपी पत्ता असतो आणि शिवाय एक तिसरा, सामाईक पत्ता असतो. लोक तोच वापरतात. जो सर्व्हर कामावर असेल, त्याच्याकडे तो पत्ता राहतो. पण जाळ्यातील इतर यंत्रे आयपी पत्त्यावरून थेट निरोप पोचवीत नाहीत. हा पत्ता कोणत्या जोडणीपट्टीचा, म्हणजे नेटवर्क कार्डाचा, याची नोंद ती आपल्या वहीत करून ठेवतात. १९८२ मध्ये ठरलेल्या एआरपी या नियमावलीची ही रीत आहे. काही राउटरांत अशी नोंद चार तासांपर्यंत तशीच राहते. म्हणून कार्यभार घेणारा सर्व्हर जाळ्यात स्वतःहून पुकारा करतो, की हा पत्ता आता माझ्याकडे आहे. त्याच इमारतीतील संगणकांनी तो पुकारा ऐकला आणि आपली वही दुरुस्त केली. राउटरने मात्र केली नाही. कारण सुरक्षिततेसाठी म्हणून कोणी तरी पहिल्या यंत्राची नोंद त्यात कायमची करून ठेवली होती. तालुक्यांची सारी वाहतूक त्या राउटरमधून येत होती आणि जळालेल्या यंत्राच्या दारात जाऊन पडत होती.

दुपारी आलेल्या तंत्रज्ञ बाईंनी प्रथम एकच प्रश्न विचारला: कोठून चालते आहे आणि कोठून नाही? आतून चालते, बाहेरून नाही, एवढ्या उत्तरावर त्या सर्व्हरकडे न जाता राउटरकडे गेल्या. जुनी नोंद काढताच पाच मिनिटांत तालुक्यांचे काम सुरू झाले.

दुसरा बिघाड याहून घातक. जोडीतील मुख्य सर्व्हर दुसऱ्यास सतत ‘मी जिवंत आहे’ असा निरोप देत असतो. १९९८ मध्ये प्रथम प्रमाणित झालेल्या व्हीआरआरपी पद्धतीत हा निरोप सामान्यतः दर सेकंदास जातो. साधारण साडेतीन सेकंद निरोप न आल्यास दुसरा सर्व्हर पहिल्यास मृत समजतो. आता पहिला धडधाकट आहे, पण मधल्या फायरवॉलने निरोपच अडविला, तर? दोघेही पत्ता धारण करतात. एका खुर्चीवर दोन अधिकारी बसावेत आणि दोघांनीही शिक्के मारावेत, तसे होते. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदी होऊ लागल्या, तर एकच अनुक्रमांक दोन दाखल्यांवर पडू शकतो. दोघांतच मतभेद झाल्यावर बहुमत कोठून आणावयाचे? म्हणून निरोपासाठी दोन वेगळ्या वाटा ठेवतात, तिसरा साक्षीदार नेमतात. किंवा पत्ता घेण्यापूर्वी दुसऱ्याची वीजच तोडण्याची व्यवस्था करतात. हा शेवटचा उपाय क्रूर वाटेल, पण नोंदी वाचवावयाच्या असतील तर तोच खात्रीचा.

याउलट कधी पत्ता हलतच नाही. यंत्र चालू आहे, निरोपही जात आहेत, परंतु त्यावरील दाखल्यांची प्रणाली मात्र थिजलेली आहे. पहारेकरी यंत्राची नाडी पाहतो, काम होते की नाही ते पाहत नाही. ती तपासणी वेगळी लिहून जोडावी लागते. अनेक ठिकाणी ती जोडलेलीच नसते. आणखी एक लहानशी गोष्ट: लिनक्सवरील इफकॉन्फिग ही जुनी आज्ञा असा जोडपत्ता पुष्कळदा दाखवीतच नाही. आयपी अ‍ॅडर ही नवी आज्ञा वापरावी. अन्यथा पत्ता आला असूनही आला नाही, असा अहवाल वर जातो.

आपणांपैकी बहुतेकांस या आज्ञा स्वतः द्यावयाच्या नाहीत. आपणांस देयकावर सही करण्यापूर्वी चाचणी पाहावयाची आहे. पुरवठादार बहुधा सर्व्हर शिस्तीत बंद करून दाखवितो. शिस्तीत जाणारा सर्व्हर जाताना ‘मी निघालो’ असा निरोप देतो, त्यामुळे दुसरा तत्काळ उभा राहतो आणि सारे टाळ्या वाजवितात. खरा बिघाड निरोप देऊन येत नाही. तेव्हा कामाची वेळ संपल्यावर मुख्य सर्व्हरची वीज काढावयास सांगा, आणि तो पाहण्यासाठी त्याच खोलीत उभे न राहता तालुक्याच्या कार्यालयातून दाखला काढून पाहा. मग पहिला सर्व्हर पुन्हा सुरू करा आणि पत्ता परत जाताना काम तुटते का, तेही पाहा. दोन्ही वेळी किती सेकंद गेले, ते नोंदवहीत लिहून त्यावर पुरवठादाराची सही घ्या.

आता आपल्या काही शंका असल्यास विचाराव्यात. तांत्रिक शंकांसाठी त्याच तंत्रज्ञ बाईंना मी आज येथे बोलावून आणले आहे.