ग्वाल्हेरची मंदिरे आणि पाथरवटांची पिढीजात विद्या



ग्वाल्हेरचा किल्ला पाहावयास जाणारा मराठी प्रवासी मानमंदिराच्या निळ्या कौलकामापुढे थबकतो, तेली का मंदिराकडे मान वर करून पाहतो आणि खाली लष्करात उतरला की शिंदे घराण्याच्या छत्र्यांकडे आपुलकीने वळतो. कोणती वास्तू कोणत्या राजाने उभारली, हे वाटाड्या त्याला सांगतो. दगड कोणी घडविला, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. राजवटी गेल्या, दरबार मोडले. परंतु दगड घडविणारी घराणी त्यानंतरही बराच काळ तग धरून राहिली. त्यांच्या हातातील विद्या आता कोणत्या वाटेने पुढे जाणार, याचा विचार ग्रामस्थांनी, शिक्षकांनी आणि शासनाच्या अधिकाऱ्यांनी मिळून करावयाचा आहे.

ग्वाल्हेर या विचारासाठी सोयीचे ठिकाण आहे. एकाच टेकडीवर व तिच्या परिसरात बाराशे वर्षांचे दगडकाम तेथे पाहावयास मिळते. किल्ल्याच्या चढणीवरील छोटे चतुर्भुज मंदिर कातळातच कोरलेले आहे. तेथील इसवी सन ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिल्याची आणि दररोज ५० माळा पुरविण्याची नोंद आहे. या आकड्यांतील शून्य आजच्यासारखेच वाटोळे कोरलेले असल्यामुळे गणिताच्या इतिहासात या लेखाची कीर्ती झाली, आणि ती योग्यच आहे. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. देवाच्या दिव्याचे तेल तेल्यांच्या श्रेणीकडे आणि माळा माळ्यांच्या श्रेणीकडे सोपविल्या होत्या. मंदिर म्हणजे केवळ इमारत नव्हे. गावातील अनेक धंद्यांना वर्षानुवर्षे काम देणारी ती एक व्यवस्था होती. पाथरवटाचे काम त्या व्यवस्थेत सर्वांत आधी सुरू होई आणि दुरुस्तीच्या रूपाने कधीच संपत नसे.

किल्ल्यावरचे मोठे सासबहू मंदिर कच्छपघात राजा पद्मपाल याने आरंभिले आणि त्याच्यानंतर गादीवर आलेल्या महीपालाने ते पुरे केले. तेथील शिलालेख विक्रम संवत ११५० चा, म्हणजे इसवी सन १०९३ चा आहे. लोकांनी ‘सहस्रबाहू’चे ‘सासबहू’ करून टाकले, असे सांगतात. वस्तुतः मंदिर विष्णूचे. त्याचे शिखर आता नाही, तरीही तीन मजली मंडप उभा आहे. याच लेखात कीर्तिराज या पूर्वजाने सिंहपानीय येथे बांधलेल्या शिवमंदिराचा उल्लेख येतो. मुरैना जिल्ह्यातील सिहोनिया गावचे ककनमठ ते हेच होय, असे अभ्यासक मानतात. भोवतीचे बरेच काम ढासळले असले, तरी त्याचे उघडे शिखर आजही आकाशात उभे आहे. पाहणाऱ्यास ते आता पडेल की मग, असे वाटते. आणि ते शतकानुशतके उभेच आहे.

ते कशाच्या बळावर उभे आहे? अशा मंदिरांत चुन्याचा आधार जवळजवळ नसतो. प्रत्येक चिरा असा घासून बसविलेला असतो की वरचे वजनच सांधा घट्ट करते. वरचा थर खालच्या थरापेक्षा किंचित पुढे काढीत काढीत छत मिटविले जाते. कमानीची गरज पडत नाही. दगड खाणीत ज्या पडीत असेल, त्याच पडीत भिंतीत बसवावा लागतो. वालुकाश्म उभा लावला तर काही पावसाळ्यांनंतर त्याचे पापुद्रे सुटू लागतात. चिऱ्यावर हातोडीने टकटक करून निघणाऱ्या नादावरून आतील चीर ओळखता येते. शिल्पग्रंथांनी तर नादावरून शिळेचे पुरुष, स्त्री व नपुंसक असे भेद केले आहेत. ओळंबा, गुण्या, सूत आणि टाकी एवढ्याच हत्यारांवर हे सारे चाले. हे ज्ञान कागदावर थोडे आणि मनगटात पुष्कळ होते. मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की बापाच्या शेजारी बसून टाकीला धार लावावयास शिके, पुढे सपाट चिरा काढी, मग वेलबुट्टी; आणि मूर्तीच्या चेहऱ्याला हात लावण्याची परवानगी फार उशिरा मिळे.

हे लोक अडाणी हातकामकरी होते, हा समज चुकीचा आहे. ग्वाल्हेरच्या शेजारच्याच माळव्यात, अकराव्या शतकात, धारच्या भोजराजाच्या नावे असलेला ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ रचला गेला. स्थपतीला शास्त्र, प्रत्यक्ष कर्म, प्रज्ञा आणि शील ही चारही अंगे हवीत, असे तो ग्रंथ सांगतो. नुसते शास्त्र जाणणारा आणि नुसती टाकी चालविणारा, दोघेही त्याच्या लेखी अपुरेच. खजुराहोच्या एका शिलालेखात छिच्छ नावाच्या सूत्रधाराची नोंद आहे. म्हणजे कारागिराचे नाव दगडावर कोरण्याइतका मान त्याला काही ठिकाणी तरी मिळत होता. आजच्या कोनशिलांवर मंत्र्यांची व अध्यक्षांची नावे असतात, ठेकेदाराचेही क्वचित असते. पाथरवटाचे नाव असलेली कोनशिला शोधावीच लागेल.

ही परंपरा फक्त मंदिरांचीच राहिली, असेही नाही. ग्वाल्हेर शहरातील महंमद घौस यांच्या सोळाव्या शतकातील कबरीच्या दगडी जाळ्या पाहाव्यात. शेजारीच तानसेनाची समाधी आहे, त्यामुळे तेथे गाणाऱ्यांची रीघ लागते. तेथील जाळीकाम आणि किल्ल्यावरच्या राजा मानसिंह तोमराच्या महालातील जाळीकाम यांचे नाते उघड आहे. पुढे शिंद्यांच्या छत्र्या घडल्या, त्याही याच प्रांतातील दगडात. यजमानाचा धर्म आणि भाषा बदलली. ज्यांना तिकडे संगतराश म्हणतात, त्यांच्या हाताचे वळण मात्र टिकून राहिले.

एकोणिसाव्या शतकात या कारागिरांवर पहिला मोठा आघात झाला. सार्वजनिक बांधकामाचे नकाशे कचेरीत तयार होऊ लागले आणि ज्याला नकाशा वाचता येत नाही तो मजूर ठरला. १८५८ ते १८८६ या काळात किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. मेजर कीथ या अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या काही वर्षांत तेथील मंदिरांची दुरुस्ती करविली. स्थानिक संगतराशांचे कसब त्याने त्या निमित्ताने ओळखले. त्याच्या आराखड्यानुसार ग्वाल्हेरच्या कारागिरांनी एक भव्य कोरीव दरवाजा घडविला. १८८३-८४ च्या कलकत्ता प्रदर्शनात तो मांडला गेला, १८८६ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात उभा राहिला आणि आज तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या दरवाजाचे कौतुक पुष्कळ झाले. कौतुकाच्या ओघात नाव झाले ते दरबाराचे आणि अधिकाऱ्याचे. प्रदर्शन संपल्यावर कारागिरांना पुढचे काम कोठून मिळणार, या प्रश्नाला दरवाजाने उत्तर दिले नाही. आजच्या हस्तकला मेळाव्यांच्या आयोजकांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

येथे एक अडचणीचा प्रश्न टाळून चालणार नाही. पिढीजात विद्येचे गोडवे गाताना तिच्या जोडीला जन्माची सक्ती होती, हे विसरले जाते. पाथरवटाच्या मुलाने पाथरवटच व्हावे, त्याने अक्षर शिकू नये, आणि इतरांनी टाकी हाती धरू नये, अशी ती व्यवस्था होती. ज्याने देव घडविला त्याच्यासाठी प्राणप्रतिष्ठेनंतर गाभाऱ्याचा उंबरठा बंद व्हावा, असेही घडत आले. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये सांगितले, ते या धंद्यालाही लागू पडते. कारागिराचा मुलगा आज शाळेत जातो, शिक्षक किंवा तलाठी होऊ पाहतो, यात हळहळण्यासारखे काही नाही. त्याशिवाय, दगडाची धूळ फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस हा रोग बरा होत नाही. विजेच्या यंत्रांनी धूळ पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी वाढविली आहे. पाणी फवारून दगड कापणे, योग्य मुखपट्टी वापरणे आणि नियमित तपासणी करणे, या गोष्टी जेथे होत नाहीत तेथे बापाने मुलाला या धंद्यात घालू नये असे ठरविले, तर त्याला परंपरेचा द्रोही म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

मग विद्या टिकावी कशी? जन्माच्या जागी शाळा आणि शाळेच्या जोडीला काम, हा मार्ग काही ठिकाणी चोखाळला गेला आहे. तामिळनाडूत मामल्लपुरम येथे १९५७ मध्ये शासनाने शिल्पशिक्षणाची संस्था काढली, आणि पारंपरिक स्थपतींच्या घराण्यांतील जाणकारांनाच तेथे शिकविण्यास बसविले. तेथे प्राचार्य राहिलेल्या गणपती स्थपतींनी कन्याकुमारीचा १३३ फुटी तिरुवळ्ळुवर पुतळा घडविला, तो २००० साली लोकांसाठी खुला झाला. गुजरातच्या सोमपुरा घराण्याची वाट निराळी. प्रभाशंकर सोमपुरा यांनी सोमनाथचे मंदिर उभारले, त्याची प्रतिष्ठापना १९५१ मध्ये झाली; त्यांचे नातू चंद्रकांत सोमपुरा यांच्या आराखड्यावर अयोध्येचे मंदिर उभे राहिले. ग्वाल्हेरमध्येही १९८८ मध्ये कोणार्कच्या धर्तीवर लाल दगडाचे सूर्यमंदिर झाले. काम मिळाले की हात तयार होतात, एवढे यावरून दिसते. मात्र मोठी मंदिरे रोज बांधली जात नाहीत. त्यांच्यावर विसंबून गावोगावची घराणी जगणार नाहीत.

रोजचे काम आहे ते जतनाचे. ग्वाल्हेरपासून फार दूर नसलेल्या बटेश्वर येथे आठव्या ते दहाव्या शतकांतील सुमारे २०० लहान मंदिरांचा नुसता ढिगारा झाला होता. २००५ पासून के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने त्यातील कित्येक मंदिरे पडलेल्या मूळ दगडांतूनच पुन्हा उभी केली. जोत्याचा दगड कोणता, शिखराचा कोणता, आमलक कोणत्या मंदिराचे, हे ओळखण्यास शिल्पग्रंथही लागले आणि दगडाची नजर असलेले कारागीरही लागले. शेजारच्या खाणींतील सुरुंगांचे हादरे हा तेथील मोठा शत्रू होता, हेही लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रात असे काम कमी नाही. खिद्रापूरचा कोपेश्वर, सिन्नरचा गोंदेश्वर ही नामवंत मंदिरे झाली. पण शेकडो गावांत हेमाडपंती म्हणून ओळखले जाणारे एखादे दगडी देऊळ असतेच. तेथे जीर्णोद्धाराच्या नावाखाली सांध्यांत सिमेंट भरले जाते, खांबांना तैलरंग दिला जातो, गाभाऱ्यात चकचकीत फरश्या बसतात. श्रद्धेबद्दल शंका नाही. परंतु सिमेंट दगडातील ओल आत कोंडते, क्षार बाहेर येतात आणि कोरीव काम पिठासारखे झडू लागते. यात गावकऱ्यांइतकाच दोष कचेरीच्या पद्धतीचा आहे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावयाची, तर ती भरणारा ठेकेदार चौरस फुटाचा हिशेब करणार. एका कमळाच्या पाकळीला लागणारे चार दिवस त्याच्या दरपत्रकात बसत नाहीत. जतनाच्या कामात कारागिराची योग्यता आधी आणि दर नंतर, असा क्रम लावणे अधिकाऱ्यांच्या हाती आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये मूर्तिकार व पाथरवटांचाही समावेश आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंत सवलतीचे कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. गावातील पात्र कारागिरांची नोंदणी ग्रामपंचायतीने करून द्यावी. पाच-सात दिवसांच्या मूलभूत वर्गाने पाथरवट तयार होत नाही, हे खरे. परंतु त्या निमित्ताने जुन्या कारागिराला शासनदरबारी ओळख मिळते, हेही थोडे नव्हे. शिक्षकांनी आपल्या गावच्या देवळातील थर मोजून घेण्याचे, खांबांची रेखाटने करण्याचे काम मुलामुलींकडून करवून घ्यावे, आणि त्या दिवशी गावातील वृद्ध पाथरवटाला शाळेत बोलवावे.

गावचे जुने देऊळ दुरुस्तीला काढण्यापूर्वी ते केंद्राचे किंवा राज्याचे संरक्षित स्मारक आहे काय, याची चौकशी पुरातत्त्व कार्यालयात करावी. केंद्र संरक्षित असेल, तर कायद्याप्रमाणे भोवतालच्या १०० मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. संरक्षित नसेल, तरी काम सुरू होण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. एखादी भिंत उतरवावी लागलीच, तर प्रत्येक चिऱ्यावर पुसता येईल अशा रंगाने क्रमांक घालावा आणि दगड सावलीत, थरांच्या क्रमाने रचून ठेवावेत. निखळलेला, तुटलेला दगडही फेकून देऊ नये. त्याची जागा कोणती, हे ओळखणारा कारागीर बहुधा त्याच तालुक्यात असतो.